उसना वचक

माझ्या वर्गात कडक शांतता असायची आणि तिचं सगळं श्रेय मी स्वतःला देत होते. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. लाजेनं नव्हे, रागानं.

भोकरदनहून जालन्याला जाताना रस्त्याच्या कडेला एक खासगी आयटीआय होती. पत्र्याची लांब शेड, पुढे दोन कडुलिंब आणि एसटी थांबत नसलेला थांबा. तिथे इलेक्ट्रिशियन ट्रेडला निदेशक म्हणून मला घेतलं. बालपण माझं अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलेलं. वडील कारखान्याच्या वीजघरात कामाला, त्यामुळे बाहुलीच्या आधी माझ्या हातात पक्कड आली. विजेची भीती मला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती माणसांपुढे तोंड उघडायची. त्यातून आवाज बारीक आणि अंगकाठी अशी, की शिपायानं पहिल्या दिवशी मला प्रवेशासाठी आलेली पोरगी समजून रांगेत उभं केलं होतं.

मला मिळालेला वर्ग शेवटच्या वर्षाचा होता. आधीचे दोन निदेशक त्यांनी पळवून लावले होते, असं ती पोरं स्वतःच अभिमानानं सांगायची. मी हजेरी घ्यायला लागले की प्रत्येक नावाला मागून एक म्हैस हंबरायची. फळ्याकडे वळले की कोणीतरी माझ्या आवाजाची नक्कल करायचं, आणि ती इतकी हुबेहूब, की माझं मलाच वाटायचं, हे वाक्य आपण कधी बोललो?

नक्कल करणारी एक मुलगी होती. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी. तिचं घर मेंढपाळांचं. आजोबांपर्यंतची पिढी मेंढरांमागे फिरली, आता थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या धरून गावात स्थिरावलेली. एका हाकेत कळप वळवणारा आवाज तिला वारशानं मिळालेला. तो ती माझ्यावर वापरायची. वर्गातली पोरं तिला वचकून असत आणि मी तर जास्तच.

तिथे मला आधार होता तो आमच्या गटनिदेशक सरांचा, म्हणजे आम्हा निदेशकांच्या वरच्या साहेबांचा. पन्नाशीचे, मऊ बोलणारे, कॉलरखाली कायम रुमालाची घडी. रोज दुपारी मला ऑफिसात बोलवून चहा पाजायचे. म्हणायचे, "मॅडम, पोरं म्हणजे नवं मांजर बघितलेली कुत्री. तुम्ही पळाल्या की ती मागं लागणार. पळू नका." वडिलांच्या वयाचा माणूस आपल्यासाठी एवढं करतोय म्हणून मला भरून यायचं. एकदा घरी फोनवर मी आईला म्हणाले होते, की इथे एक देवमाणूस भेटला.

दुसऱ्या आठवड्यात ती गोष्ट घडली. मी मेन स्विच बंद करून वायरिंगच्या बोर्डावर सॉकेट कसं जोडायचं ते दाखवत होते. तारेचं उघडं टोक माझ्या बोटांत होतं आणि कोणीतरी मागे मेन चालू केला. करंट लागला म्हणजे काय, हे ज्याला लागलाय त्यालाच कळतं. हात कोपरापासून कोणी पिळून काढावा तसं झालं. मी मागे फेकले गेले, स्टुलावर आपटले, केसांचा क्लचर तुटून केस तोंडावर आले. अंग थरथरत होतं, दात वाजत होते, आणि माझ्या बारीक गळ्यातून एक घोगरा, लांबलचक आवाज निघाला, "बंद कराऽऽ!" तो आवाज माझा होता यावर माझाही विश्वास बसला नसता. तोवर मेन परत बंद झाला होता.

सर धावत आले. मला धरून ऑफिसात नेलं, गोड चहा दिला, पंखा लावला. मला जरा बोलता येऊ लागल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो शेडमधल्या सेफ्टी स्विचचा. करंट गळला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडणारा तो स्विच असतो. तो पडला का नाही? सरांनी मान खाली घातली. म्हणाले, "सारखा पडत व्हता, म्हणून त्याला वगळून लाइन डायरेक्ट करून ठेवलीय. उद्याच नवा बसवून घेतो. पण मॅडम, वर सांगू नका. दुसऱ्याच आठवड्यात तक्रार घेऊन गेल्या, तर पोरं उद्या तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटतील. वर्गाचं मी बघतो." मी मान हलवली. देवमाणूस म्हणतोय म्हटल्यावर प्रश्न कुठे होता!

मी घरी गेल्यावर ते वर्गात गेले. तिथे ते काय बोलले हे मला त्या वेळी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि वर्ग उभा राहिला. सगळा. हजेरीला म्हैस नाही, नक्कल नाही. मला वाटलं, आपल्याला करंट लागला म्हणून पोरांना वाईट वाटलंय. दोन दिवस टिकेल. पण टिकलं. तसंच टिकून राहिलं.

निदेशकांच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, की वर्ग गडबड करायला लागला तर ओरडू नये. बोलणं थांबवावं, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यावा आणि मग शांतपणे एकेकाकडे बघावं. तोवर मला ते पुस्तकी वाटायचं. आता करून बघितलं आणि काय सांगू, मी नुसते डोळे मिटले तरी वर्ग गोठायचा. श्वास आत घेतला की पुढच्या बाकावरचे मागे सरकायचे. मी मनात म्हणायची, अगं, किती साधं होतं हे!

आणखीही काही गोष्टी घडत होत्या, आणि मी प्रत्येकीचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. शुक्रवारी टेबलावर कण्हेरीची फुलं असायची. मला वाटलं, माया. मी आले की मटणाचे डबे झाकले जायचे. मला वाटलं, शिस्त. सगळ्यात मोठा घोळ चपलांचा. पोरं माझ्या तासाला चपला-बूट दाराबाहेर काढून अनवाणी आत यायला लागली. विजेच्या कामात रबरी तळाचं पायताण म्हणजे अर्धा जीव. मी रोज ओरडायची, "अरे बाबांनो, घाला ती पायात, मरायचंय का?" मग ती नाइलाजानं घालायची, आणि मी पाठ फिरवली की हळूच काढून ठेवायची. त्यांना माझ्या वर्कशॉपबद्दल एवढा आदर वाटतो, हे बघून मी चिडता चिडता सुखावायची. कोणाला सांगितलं तर हसून मरेल.

आणि ती मुलगी. तिचा बदल बघून तर मला स्वतःचाच हेवा वाटायचा. ती मागच्या भिंतीजवळची, मेन स्विचच्या शेजारची जागा सोडून पहिल्या बाकावर येऊन बसली. एकदाही उलट बोलली नाही. हात तर असा, की तिनं केलेला तारेचा जोड मी नमुना म्हणून बोर्डावर लावून ठेवला. कामाला हात घालण्याआधी ती स्वतः उठून मेन बंद आहे का बघायची, परत येऊन टेस्टर लावायची, मगच तार हातात धरायची. मी तिला वर्गाची प्रमुख केलं. अवघड विद्यार्थ्याला जबाबदारी द्यावी, हेही आम्हाला शिकवलेलं होतं.

तिच्यापुढे एक मोठी संधी उभी होती. संभाजीनगरच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून तिची निवड झाली. कंपनीचं वसतिगृह होतं, वर्षभराचं काम होतं आणि पुढे पक्कं होण्याची आशा. आमच्या आयटीआयमधून मुलीला असं कोणी घेतलं नव्हतं. वर्गात ही बातमी मी सांगितली तेव्हा ती हसली, पण लगेच म्हणाली, "घरी ठरंना गेलंय, मॅडम. आई गप्प हाय, चुलता न्हाई म्हणतोय." वडील वारल्यापासून त्या घरात चुलत्याचा शब्द चालायचा. होकार कळवायची मुदत जवळ येत होती. मी तिला म्हटलं, मी येते घरी बोलायला. ती म्हणाली, "नका येऊ. मी बघते."

त्याच सुमाराला नव्या निदेशकांची एक बैठक जालन्याला झाली. त्रास देणाऱ्या विद्यार्थ्यांना कसं हाताळावं, यावर मी बोलावं असं सरांनी सुचवलं. मी! जिला रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणताना घाम फुटायचा, ती मी माईकपुढे उभी राहिले. शांत कसं राहावं, नावं कशी लक्षात ठेवावीत, सगळ्यात व्रात्य पोराला कसं आपलंसं करावं, हे सगळं उदाहरणं देऊन सांगितलं. "वचक आवाजात नसतो, उभं राहण्यात असतो," असं एक वाक्यही टाकलं. सर पहिल्या रांगेत बसले होते. मान डोलवत होते. टाळ्या सर्वांत आधी त्यांनीच वाजवल्या. परतताना एसटीत मी त्यांना म्हणाले, "सर, हे तुमच्यामुळे." ते म्हणाले, "न्हाई हो मॅडम, तुमचीच मेहनत." आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मग तो शुक्रवार आला.

मधली सुट्टी होती. मी शेडमध्ये एकटीच बोर्ड पुसत होते. दारात एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट. मागे पांढरा फेटा बांधलेला एक माणूस. त्यांच्या मागे ती मुलगी, भिंतीला टेकून. मी ओळखलं, ही आई आणि हा चुलता. मला आनंद झाला. आता दोन शब्द नीट बोलू आणि पोरीचं काम करून टाकू, असं मनात ठरवलंसुद्धा.

दोघांनीही चपला बाहेर काढल्या. बाईनं ताटावरचं फडकं बाजूला केलं. खण, नारळ, हळद-कुंकू, तांदूळ. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "पदर पुढं करा माय, ओटी भरते."

मला हसूच आलं. "मावशी, माझं लग्न झालेलं नाही. ओटी कसली भरता?"

"देवीला कसलं आलंय लगीन," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी दोन पावलं मागे सरकले. मला काहीच समजेना. ती उठली, हात जोडले आणि मोठ्यानं, जणू पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "पोरीला कंपनीत धाडू का नको, त्याचा कौल द्या माय. तुम्ही म्हणाल तसं करीन. ह्यो माझा दीर हाय, ह्यो बी ऐकंल."

"कौल? मी कशी देणार कौल?"

चुलता पुढे झाला. त्याच्या बोलण्यात खरी अदब होती. "मॅडम, लपवू नका. साऱ्या पोरांना ठावं हाय. तुमच्या अंगात येतंय. त्या दिशी शेडात आल्तं, केस मोकळे सोडून घुमल्या तुम्ही. सरांनीच पोरांना सांगितलं, की करंट-बिरंट काही नव्हता, मेन बंदच व्हता. मॅडमवर देवीचं वारं हाय, त्यांना तरास देऊ नका, न्हाई तर घरादाराला भोवंल."

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत होती. कण्हेरीची फुलं. मटणाचे डबे. अनवाणी पाय. डोळे मिटल्यावर मागे सरकणारी पोरं. माझं आवाज न चढवणं, माझं उभं राहणं, माझं ते जालन्याचं भाषण! त्यातलं काहीही माझं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. आला तो नुसता संताप.

तेवढ्यात सर दारात आले. बाहेरच्या चपला बघून आले असावेत. चुलत्याच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, वर-खाली. म्हणून टाका. एवढंच. मी मुलीकडे बघितलं. ती भिंतीपासून सुटून सरळ उभी राहिली होती आणि तिच्या डोळ्यांत तीच मागणी होती. म्हणून टाका.

त्या दोघांच्या नजरा एक झालेल्या बघून माझं डोकं फिरलं. म्हणजे तीही सरांच्या कटातलीच. माझ्या पाठीमागे सगळ्यांनी मला बाहुली करून नाचवलं, आणि आता वर पुढचं वाक्यही शिकवतायत.

"माझ्या अंगात काही येत नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता. "कधीही आलेलं नाही. त्या दिवशी मला करंट लागला होता. कोणीतरी मेन चालू केला होता. सरांनी तुमच्या पोरांना खोटं सांगितलं."

चुलत्यानं सरांकडे वळून बघितलं. सर रुमालानं मान पुसत होते. मग त्यानं मुलीकडे बघितलं.

"तुला ठावं व्हतं?"

तिनं नजर जमिनीकडे वळवली. तेवढं पुरेसं होतं.

मी घाईघाईनं म्हणाले, "पण काका, मी तिची निदेशक म्हणून सांगते, तिला पाठवा. तिच्यासारखा हात अख्ख्या वर्गात नाही. वसतिगृह चांगलं आहे, मी स्वतः येईन सोडायला."

तो माझ्यावर रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "मॅडम, सर एक सांगत्यात, तुम्ही एक सांगता. कोणाचं बराबर मानावं आम्ही? आन् जी पोरगी देवीचं नाव घिऊन घरात खोटं बोलती, तिला एकटीला शहरात धाडू?" तो चपला घालून निघालासुद्धा. आईनं ताट परत झाकलं. जाताना तिनं माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मुलगी मागे रेंगाळली. मी तिला दंडाला धरलं. "माझा वापर केलास तू!"

"सरांनी केला तवा कळलं न्हाई तुम्हाला?" ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मेन मीच चालू केल्ता, मॅडम. मजाक म्हणून. मीच बंद केला. मी देवीला भ्याले न्हाई कधी. तुम्ही मेल्या असत्या, म्हणून भ्याले. तवापासून बराबर वागून राह्यले."

आणि ती गेली. तिच्या पहिल्या बाकाचं, बदललेल्या वागण्याचं कोडं सुटलं. तेही माझ्या पद्धतीमुळे नव्हतंच. निदान तेवढं एक तरी माझं असेल, असं मला वाटत होतं.

सरांना मी ऑफिसात गाठलं. ते चहा ओतत होते, दोन कपांत, नेहमीसारखा. मला तो कप भिंतीवर फेकावासा वाटला.

"मॅडम, एवढं काय तापून राह्यल्या? वर्ग शांत झाला का न्हाई? आधीचे दोघं रडत गेले. तुम्ही टिकल्या. कशानं टिकल्या?"

"खोट्यानं."

"करंटची गोष्ट बाहेर गेली असती तर शेडला कुलूप पडलं असतं. माझी बी नोकरी गेली असती, तुमची बी. मी एका दगडात सगळ्यांचं भलं बघितलं." आणि मग त्याच मऊ आवाजात, "जालन्याला तुम्ही किती छान बोलल्या. मी मोडता घातला का? टाळ्याच वाजवल्या."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या वाक्यानं कळलं. माणूस शत्रू असता तर मी सावध राहिले असते. हा मला रोज चहा पाजत होता. मला हसतखेळत खड्ड्यात उतरवत होता आणि वर 'जपून हं' म्हणत होता.

तिथून निघून मी शेडमध्ये गेले आणि मनात शंका आली म्हणून पॅनेलचं झाकण उघडलं. सेफ्टी स्विच अजूनही डायरेक्टच होता. 'उद्याच बसवतो' म्हणालेला तो उद्या उगवलाच नव्हता. इतके महिने पोरं त्या शेडमध्ये उघड्या तारा हाताळत होती आणि देवीच्या धाकानं अनवाणी पायांनी! माझ्या मानापानाचं जे व्हायचं ते झालं होतं. पण याच्यासाठी मी त्या माणसाला आजही माफ केलेलं नाही, करणार नाही. मी शेडचं दार लावून घेतलं आणि नवा स्विच माझ्या हातानं बसेपर्यंत एकालाही आत येऊ दिलं नाही. वरपर्यंत सगळं सांगितलं. वरच्यांनी ऐकून घेतलं आणि सरांना बरोबर घेऊन चहाला गेले.

वर्गाला मी खरं काय ते सांगितलं. पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग कोणीतरी खुदकन हसलं, आणि पुढच्या हजेरीला म्हैस परत हंबरली. मी डोळे मिटले, श्वास घेतला, सगळ्यांकडे पाहिलं. म्हैस आणखी जोरात हंबरली. त्यानंतर मला जे काही शिकवता आलं ते त्या गोंगाटात, घसा फोडून, कधी रडकुंडीला येऊन. काही पोरं ऐकायची, काही नाही. पायात चपला मात्र सगळ्यांच्या होत्या.

ती मुलगी परीक्षेपुरती आली आणि खाली मान घालून पेपर लिहून गेली. कंपनीची मुदत टळली होती.

पुढे उन्हाळ्यात भोकरदनच्या आठवडी बाजारात मला तिची आई दिसली. एक करडी शेळी दोरीला धरून विकायला उभी होती. मी टाळून जाणार होते, पण तिनंच हाक मारली, "ओ मॅडम." आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. मी चौकशी केली, पोरगी काय करते.

"शेळ्यांमागं जाती."

मी म्हणाले, "मावशी, मला खोटं बोलता आलं नाही. तुम्ही एवढ्या भक्तीनं आल्या होत्या."

ती हसली. तसं हसू मी फार कमी वेळा पाहिलंय; त्यात राग नव्हता, कीव होती. "भक्ती कशाची, मॅडम. तुमच्या अंगात काही न्हाई, हे मला ठावं व्हतं. माझ्या सासूच्या अंगात यायचं. आलेलं माणूस मी बराबर वळखते."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मग ओटी? मग ते पाया पडणं?"

"दीर समोर व्हता ना. त्यो माझं ऐकत न्हाई, पोरीचं न्हाई, तुमचं-माझं कोणाचंच न्हाई. देवीचं ऐकतो. म्हणून त्याला संगं घिऊन आल्ते. तुम्ही 'जाऊ दे' एवढं म्हणायचं व्हतं, बास. ती आज तिथं राह्यली असती."

बाजारात माणसं आमच्या दोन्ही अंगांनी जात होती. माझ्या मनात एकच चाललं होतं, की त्या दुपारी शेडमध्ये सरांना ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं, या बाईलाही ठाऊक होतं. देवी खरी मानणारा एकटा चुलता होता, आणि स्वतःचा वचक खरा मानणारी एकटी मी. मला या बाईचाही राग आला. खरंच आला. माझ्या तोंडून काय निघायला हवं ते सगळ्यांनी ठरवलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

"एक शब्द आधी सांगायचा होता ना मला," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता. "कोणीच का नाही सांगितलं?"

तिनं शेळीची दोरी मनगटाला गुंडाळली.

"मी म्हणले व्हते पोरीला, आधी मॅडमच्या कानावर घाल. ती म्हणली, काही गरज न्हाई आई. मॅडमला आपली काळजी हाय, त्यांना बराबर समजंल."